सासूबाईंच्या विम्यासाठी फॉल-पिको

माझ्या त्या सोमवारच्या यादीत ते काम चौथं होतं. ‘आईंना विम्यात घालणे. फोन. दहा मिनिटं.’ त्याच्या वर डिशवॉशरचं मीठ होतं आणि खाली सायकलच्या चाकातली हवा. मी प्रत्येक कामापुढे लागणारा वेळ लिहिते आणि तो बहुधा बरोबर येतो. ह्या एका कामाला सव्वाचार महिने लागले.

दहा मिनिटांचा अंदाज मी हवेतून काढला नव्हता. पुण्यात नोकरीला होते तेव्हा कंपनीचा आरोग्य विमा असायचा. एप्रिलमध्ये एक फॉर्म यायचा, त्यात नवरा, मुलं, आई-वडील किंवा सासू-सासरे अशा ओळी असायच्या. जन्मतारीख टाकायची की झालं. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच फॉर्मवर झालं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी वाल्डॉर्फ ह्या गावातल्या नोकरीसाठी आम्ही जर्मनीत आलो, माझ्या पगारातून सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता जायला लागला, तेव्हा मी गृहीतच धरलं होतं की इथेही अशी एखादी ओळ असणार.

सासरे गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे आल्या, त्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. कराडच्या मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं शिवणाच्या बाई होत्या. त्यांना एक वर्षाचा परवाना मिळाला होता आणि तो आणताना आम्ही परदेशी पाहुण्यांसाठी असते तसली एक वर्षाची विमा पॉलिसी घेतली होती. जुलैत परदेशी नागरिकांच्या कचेरीकडून पत्र आलं. परवाना वाढवायचा तर नोव्हेंबरात अमुक दिवशी सकाळी या, सोबत खालील कागद आणा. कागदांना क्रमांक दिलेले होते. पत्र मला फार आवडलं. फक्त सहाव्या क्रमांकाशी लिहिलं होतं की पाहुण्यांची पॉलिसी आता चालणार नाही. सरकारी विमा किंवा त्याच्या तोडीचा पूर्ण विमा पाहिजे.

म्हणून मी माझ्या विमा संस्थेला फोन केला. इथे त्या संस्थेला क्रांकेनकासे म्हणतात.

“तुमच्या कार्डावर पती येतात, मुलं येतात,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आई-वडील येत नाहीत.”

“पण त्या आमच्याच घरात राहतात.”

“वा, छान.”

“आम्ही एकाच टेबलावर जेवतो.”

“हेही छान आहे. पण येत नाहीत.”

मी फोन ठेवला आणि यादीकडे पाहिलं. आठ मिनिटं झाली होती.

पुढचे तीन आठवडे मी खासगी विमा कंपन्यांच्या मागे लागले. प्रत्येक कंपनी आधी प्रश्नांची पानं पाठवायची. सासूबाईंना रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे, दोन्ही गोळ्यांवर शिस्तीत चालतं. मी म्हटलं, विचारलंय तेवढंच लिहू. त्यांना ते पटेना.

“अगं, आजार विचारलेत ना? मग गोवर लिही. कांजण्या लिही. आणि सातवीत असताना जांभळाच्या झाडावरून पडले होते, हात मोडला होता.”

“आई, ते पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं आहे.”

“हात तोच आहे.”

त्यांच्या समाधानासाठी जांभळाचं झाडसुद्धा लिहिलं. कंपन्यांनी एकामागून एक, अत्यंत सभ्य भाषेत, नाही म्हटलं. झाडामुळे नव्हे, वय आणि साखर. नवरा म्हणाला, “सहा महिने कराडला, तीन महिने इथे पाहुणी म्हणून, असं करता येईल का?” तो हळूच बोलला होता, पण सासूबाईंचे कान शिवणाच्या बाईंचे आहेत. पंचवीस मुलींच्या मशीनच्या आवाजात मागच्या बाकावरची कुजबूज ऐकायची त्यांना सवय.

“मी जाईन की,” त्या म्हणाल्या. “एकटीचं काय लागतं मला? तिसरा मजला आहे, वारा चांगला येतो. दिवसभर टीव्ही बोलतो. फक्त माझं ऐकत नाही.”

मग त्या उठल्या आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्या घड्या मी तासापूर्वीच घातल्या होत्या. त्या रात्री मी यादीत ते काम चौथ्यावरून पहिल्यावर आणलं आणि पुढचा वेळ खोडून टाकला.

ऑगस्टमध्ये मी त्यांना घेऊन विमा संस्थेच्या कचेरीत प्रत्यक्ष गेले. माझा अनुभव आहे, फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. समोर सुती साडी नेसून एक बाई बसली की जरा जड जातं. पहिल्या टेबलावरच्या तरुणाला मात्र काही जड गेलं नाही. “पंचावन्नच्या पुढे सरकारी विम्यात प्रवेश बंद,” तो म्हणाला. त्याने एवढ्या आनंदाने सांगितलं की मला वाटलं काहीतरी मंजूर झालं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्या म्हणाल्या, “थांबा, थांबा. ह्या बाई आधी कुठे होत्या?”

“भारतात.”

“म्हणजे जर्मनीत राहून सरकारी विम्याच्या बाहेर नव्हत्या ना? पंचावन्नचा नियम त्यांच्यासाठी आहे. आयुष्यभर खासगीत राहायचं आणि म्हातारपणी इकडे परत यायचं, ते नको म्हणून. ह्यांचं तसं नाही.” चष्मा डोळ्यांवर चढला. “ह्यांना रीतसर नोकरी लागली, तर नोकरीबरोबर विमा आपोआप लागतो. वय कितीही असो. फक्त मिनीजॉब नको. म्हणजे अगदी थोड्या तासांची, थोड्या पगाराची नोकरी नको. तिच्यात विमा नसतो. तिच्याहून थोडी मोठी असली तरी पुरे. काही काम येतं का ह्यांना?”

मी सासूबाईंकडे वळून मराठीत सांगितलं, “आई, त्या विचारतायत, तुम्हाला काही काम येतं का.”

सासूबाई खुर्चीत एकदम ताठ झाल्या.

“काम येतं का? मला विचारतेय? तिला म्हणावं, आधी तुझ्या स्वेटरची डावी बाही बघ. खांद्यापासून उसवत चाललीय. दोन दिवसांत हातात येईल.”

मी हे भाषांतरित करावं की नाही ह्याचा विचार करेपर्यंत त्यांनी पर्समधून सुई-दोऱ्याची डबी काढली होती. मापाची टेप जशी इंजिनिअरच्या खिशात असावी तशी ती डबी त्यांच्याकडे कायम असते. त्यांनी बोटाने “ये, ये” अशी खूण केली आणि त्या जर्मन बाईंनी, का कोण जाणे, टेबलावरून हात पुढे केला. कचेरीत सगळं थांबलं. पहिल्या टेबलावरचा तरुणही उभा राहून बघायला लागला. चार मिनिटांत बाही जागेवर. सासूबाईंनी दाताने दोरा तोडला, जर्मनीत शिकलेला आपला एकमेव शब्द उच्चारला, “फेर्टिश,” म्हणजे झालं, आणि पर्स बंद केली.

बाईंनी बाही ओढून पाहिली. मग मला म्हणाल्या, “ह्यांना नोकरी शोधा. लवकर शोधा.”

बाहेर आल्यावर आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या राहून हसत सुटलो. सहासष्टाव्या वर्षी नोकरी! निवृत्त माणसाला विमा हवा तर त्याने निवृत्त राहायचं नाही. मी तिथेच फोनवर यादी केली.

नोकरी शोधायला मात्र खरोखरच दहा मिनिटं लागली. आमच्या गावात बेकरीशेजारी कपडे दुरुस्त करून देणारं एक दुकान आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं. मालकीणबाई लहानपणी तुर्कस्तानातून इथे आलेल्या, आता साठीच्या. दुकानाच्या काचेवर ‘मदतनीस पाहिजे’ ही पाटी इतके दिवस होती की उन्हाने अक्षरं फिकी पडली होती. आम्ही आत गेलो. मालकीणबाईंनी चेन बिघडलेली एक जीन्स सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी लगेच ती उसवली. मी मध्ये मध्ये भाषांतर करायला लागले तर दोघींनी माझ्याकडे, खोलीत माशी शिरली असावी तसं पाहिलं.

पुढे मला कळलं की त्यांना माझी गरज कधीच नव्हती. सासूबाई मराठीत बोलायच्या, मालकीणबाई अर्धं जर्मन आणि अर्धं तुर्की. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर.

“हे बघा बाई, ही टीप वाकडी आहे.”

“या, या, पण ते गिऱ्हाईकच वाकडं आहे.”

“मग आतून पट्टी लावा.”

“गेनाऊ!”

आणि खरोखर आतून पट्टी लागलेली असायची.

करार झाला. तासाप्रमाणे पगार, जितकं काम तितके तास. मालकीणबाई म्हणाल्या, काम भरपूर आहे, कपड्यांचा ढीग छताला लागलाय. मला तेवढंच हवं होतं. मी आनंदाच्या भरात एक गोष्ट केली, जी करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातलं काम मी एक दिवस बसून पाहिलं आणि पद्धत लावून दिली. आधी काळ्या दोऱ्याची सगळी कामं, मग निळ्या, मग पांढऱ्या, म्हणजे सारखा दोरा ओवायला नको. चेनची कामं एकत्र. उसवायचं काम आदल्या दिवशी. इस्त्री सगळ्यात शेवटी, एकदाच. हे सगळं मराठीत आणि जर्मनमध्ये छापलं, प्लॅस्टिकमध्ये बसवलं आणि सासूबाईंच्या मशीनच्या वर चिकटवलं. मालकीणबाईंनी तक्त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. घरी येताना मी गाणं गुणगुणत होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला विमा संस्थेचं पत्र आलं. सासूबाईंच्या नोकरीची नोंद मिनीजॉब म्हणून झाली आहे, त्यामुळे विमा लागू होत नाही, शुभेच्छांसह.

मी तशीच दुकानात गेले. सकाळचे साडेअकरा वाजले होते. सासूबाई दुकानात नव्हत्या.

“कुठे गेल्या?”

“घरी,” मालकीणबाई म्हणाल्या.

“इतक्या लवकर?”

“त्या रोजच ह्या वेळी जातात.” त्यांनी वही काढून दाखवली. सासूबाईंच्या सुरेख, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात रोजच्या वेळा होत्या. आल्या दहाला, गेल्या सव्वाअकराला. आल्या दहाला, गेल्या अकराला. एका दिवशी तर आल्या दहाला, गेल्या दहा चाळीसला. “ढीग संपला,” मालकीणबाई हात पसरून म्हणाल्या. “चार महिन्यांचा ढीग तीन आठवड्यांत. आता रोज येतं तेवढंच. त्या करतात, फेर्टिश म्हणतात, पर्स उचलतात. मी म्हणते, बसा, चहा घ्या. चहा पितात आणि तो वेळ वहीतून वजा करतात.”

मी वर पाहिलं. माझा तक्ता चकाकत होता.

घरी येऊन मी सासूबाईंना गाठलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या.

“अहो आई, तुम्ही दुपारपर्यंत दुकानात थांबायचंय!”

“काम संपल्यावर?”

“हो!”

“काम संपल्यावर बसून पगार घ्यायचा? मी काय मंत्री आहे?”

“मग जरा हळू करा ना.”

आमच्या वीस वर्षांच्या संसारात मी कोणाला हळू करा म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, नीट ऐकता यावं म्हणून.

“हळू?” सासूबाई म्हणाल्या. “तूच तर तो तक्ता लावलास. मी तर साध्या पद्धतीने करत होते, पँट आली की पँट, शर्ट आला की शर्ट. तू म्हणालीस, आई, काळा दोरा आधी.”

“हो, मीच म्हणाले.”

“मग आता?”

नवऱ्याने एक सूचना केली. “आई, वहीत थोडे तास वाढवून लिहिलेस तर? मालकीणबाईंची हरकत नसेल.”

सासूबाईंनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. “तुला मी गणिताच्या वहीत उत्तर मागच्या पानावरून उतरवताना पकडलं होतं. सुधारला नाहीस अजून.” नवरा पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो गुपचूप बाहेर गेला.

त्या मात्र कोथिंबिरीकडे बघत म्हणाल्या, “खोटे तास लिहून राहण्यापेक्षा मी कराडला जाईन हो. पण मला जायचं नाहीये.” एवढं सरळ त्या पहिल्यांदाच बोलल्या.

तेव्हा प्रश्न स्वच्छ झाला, आणि प्रश्न स्वच्छ झाला की मला बरं वाटतं. सासूबाई हळू करणार नाहीत. खोटं लिहिणार नाहीत. राहिला एकच मार्ग: काम वाढवायचं. कराराची दुरुस्ती, नोंद आणि कागद ह्यांना लागणारा वेळ वजा जाता माझ्या हातात अडीच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी रांगेत उभी होते आणि सहज माझी नजर खाली गेली. समोर आमच्या टीममधला नागपूरचा मुलगा. त्याच्या पँटचा तळ दोनदा दुमडलेला. त्याच्या पुढे एक तेलुगू बाई, पँटला आतून स्टेपलरच्या पिना. पलीकडे बंगाली मॅनेजर, त्याची पँट बुटांवर पडद्यासारखी साचलेली. जर्मन पँटा जर्मन पायांसाठी शिवलेल्या असतात. मी सगळी रांग बघत गेले. आमच्या कंपनीतला निम्मा भारत पँटा दुमडून चालत होता! मला ताट धरवेना इतका आनंद झाला.

“तुझी पँट किती लांब आहे रे?” मी नागपूरच्या मुलाला विचारलं.

“का हो ताई? ड्रेस कोड आला का?”

“उद्या पिशवीत घालून आण. सगळ्या आण.”

आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक संदेश टाकला. मसुदा तीन वेळा सुधारला होता, पण खरं काम दोनच शब्दांनी केलं: ‘फॉल-पिको होईल.’

मी फोन टेबलावर ठेवला तर तो थरथरत कडेपर्यंत गेला. परदेशात राहणाऱ्या मराठी बाईला सोनं मिळतं, कढीपत्ता मिळतो, फॉल-पिको मिळत नाही. प्रत्येकीच्या कपाटात दोन-चार साड्या फॉलसकट घडी करून पडलेल्या असतात, कोणी पुण्याला जाईल तेव्हा पाठवू म्हणून. जाणारे बॅगेचं वजन सांगून टाळतात. त्यातून दिवाळी दोन आठवड्यांवर. ‘खरंच का?’ ‘कुठे?’ ‘ब्लाउज सैल करून मिळेल का, विचारतेय मैत्रिणीसाठी.’ ‘मलाही मैत्रिणीसाठीच.’ हायडेलबर्गहून एक पीएचडीवाली मुलगी थेट फोन करून म्हणाली, “काकू, माझ्या आईने दिलेली पैठणी तीन वर्षं नेसले नाही हो, फॉल नाही म्हणून. मी उद्या सकाळच्या बसने येते. काकू कुठल्या? कराडच्या? मग तर झालंच!”

शनिवारी दुकानाबाहेर रांग लागली. बेकरीवाल्याला वाटलं ती त्याच्याकडची आहे. तो ताजे ब्रेड घेऊन बाहेर आला आणि गोंधळून परत गेला. आत मालकीणबाईंनी पहिली साडी उलगडायला घेतली. उलगडली, उलगडली, आणि ती संपेना. त्या मागे मागे जात इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या.

“हे काय, पडदा आहे?”

“साडी,” सासूबाई म्हणाल्या.

“कोणासाठी? हत्तीसाठी?”

सासूबाईंना ते कळलं असावं. त्या उठल्या, मालकीणबाईंच्या पँट-शर्टवरूनच साडी गुंडाळली, चार निऱ्या, पदर खांद्यावर, पिन. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाई आरशासमोर डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, आणि गिऱ्हाईक आलं तर तशाच पैसे घ्यायला गल्ल्यावर जातात. दुपारपर्यंत त्या साडीतच होत्या. शेवटी ज्या बाईची साडी होती तिने विचारलं, “आज मिळेल ना?”

कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशीनवर पिको करून बघितला. पहिल्यांदा कडा जाड आली, सासूबाईंनी टाके बारीक करायला लावले आणि मग ती अशी गोल, नाजूक आली की त्यांनी ती गालाला लावून पाहिली. फॉल मात्र हातानेच. पीएचडीवाल्या मुलीला त्यांनी स्टुलावर बसवून शेवटची वीतभर शिकवली. “टाका दिसता कामा नये. दिसला तर तू शिवला नाहीस, टोचलास.” मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “गाइडपेक्षा कडक आहेत.” पण शिवत राहिली.

माझा तक्ता मी स्वतःच काढला. तो पँटांसाठी होता. साड्यांना प्रत्येकीचा रंग वेगळा, तिथे काळा दोरा आधी ह्याला अर्थ नव्हता. सासूबाई आता दहाला जायच्या आणि तीनला यायच्या, कधी साडेतीनला. वहीतली पानं भरली. एकदा चार वाजले तरी आल्या नाहीत म्हणून बघायला गेले, तर दोघी समोरासमोर बसून बटणं लावत होत्या आणि आपापल्या भाषेत आपापल्या सासवांबद्दल बोलत होत्या. एकमेकींना सगळं समजत होतं. मी आत न जाता परत आले.

मालकीणबाईंनी करार बदलला. आता तास पक्के, आठवड्याचे ठरलेले, मिनीजॉबच्या बरेच वर. “दिवाळी संपली तरी लग्नं आहेत, लग्नं संपली तरी पँटा आहेत,” त्या म्हणाल्या. नवी नोंद गेली. मग मी पोस्टाच्या पेटीवर लक्ष ठेवायला लागले. जर्मनीत सगळं पोस्टाने येतं, आणि जे हवं असतं ते शेवटी येतं.

कचेरीच्या भेटीच्या आदल्या दिवशी विमा संस्थेचं पाकीट आलं. मी ते जिन्यातच फोडलं. सभासदत्वाचा दाखला नव्हता. एक छोटा कागद होता: आपला फोटो पाठवा.

“काय म्हणतात?” सासूबाई वरून ओरडल्या.

“फोटो मागतायत.”

“कशाला?”

“कार्डावर...” मी म्हणाले आणि थांबले. कार्डावर छापायला फोटो. कार्ड कोणाला देतात? सभासदाला. सभासद नसलेल्या बाईचा फोटो मागून कुठली संस्था काय करेल? मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. “आई! तुम्ही आत आहात! तुम्ही आधीच आत आहात!”

“कुठे आत?”

“विम्यात!”

मी त्यांना उचललं. त्या फारशा जड नाहीत, पण मी माणसं उचलणाऱ्यांतली नाही, त्यामुळे आम्ही दोघी चपलांच्या कपाटावर आपटलो. नवरा घाईने फोन घेऊन आला, रुग्णवाहिका बोलवायची का विचारत. सासूबाई खाली बसून हसत होत्या, एक हात पाठीवर. “बोलव की,” त्या म्हणाल्या, “आता फुकट आहे.”

दुपारी आम्ही विमा संस्थेत गेलो, तिथे साखळीच्या चष्म्याच्या बाईंनी दाखल्याची प्रत तिथल्या तिथे छापून दिली. त्यांनी आधी स्वेटरची बाही दाखवली, अजून पक्की होती, आणि मग शिक्का मारला. फोटोसाठी सासूबाईंनी मोरपंखी साडी नेसायची ठरवली. मी म्हटलं, फोटो गळ्यापर्यंतच येतो, खालचा फॉल दिसणार नाही. “मला माहीत असेल ना,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही कचेरीच्या दारात होतो. मी दिवसभराची रजा टाकली होती, कारण अशा भेटींना किती वेळ लागेल सांगता येत नाही. अधिकारी एक शांत, लांब हातांचा माणूस होता. त्याने कागद एकेक करून बघितले, क्रमांकांवर बरोबरच्या खुणा केल्या. सहाव्या कागदावर आला तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं थंड होती आणि तर्जनीच्या टोकाला सुईच्या टोचण्या होत्या. त्याने दाखला वाचला. मग करार वाचला. मग त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही काम करता?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई जर्मनमध्ये म्हणाल्या, “या.”

“सहासष्टाव्या वर्षी?”

“या, या.”

त्याने खूण केली. मग बोटांचे ठसे घेतले, सही घेतली. नवं कार्ड छापून यायला काही आठवडे लागतील, पण परवाना वाढला आहे, दोन वर्षांसाठी, तोपर्यंत हा कागद जवळ ठेवा. सगळं मिळून वीस मिनिटं.

बाहेर आल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं. दोन वर्षं. कुठे जायचं नाही, कराडला गेलात तर फक्त आंबे खायला. पण एक गोष्ट मी आतापर्यंत मुद्दाम बोलले नव्हते, ती आता बोलावी लागली. “आई, विमा नोकरीमुळे आहे. त्यामुळे नोकरी आता लगेच सोडता यायची नाही. थकलात तरी... म्हणजे पुढचं काही ना काही मी शोधीनच, पण सध्या.”

त्या रस्त्यातच थांबल्या. मला वाटलं आता त्या म्हणणार, ह्या वयात.

“म्हणजे मला कोणी रिटायर करू शकत नाही?”

“नाही.”

“सरकारसुद्धा नाही?”

“सरकारच तर म्हणतंय.”

“अठ्ठावन्नाव्या वर्षी,” त्या म्हणाल्या, “मला शाळेने नारळ आणि शाल दिली आणि म्हणाले, बाई, आता आराम करा. हात असे चालू होते माझे, आणि म्हणे आराम करा. शाल घेऊन घरी आले, तर तिचीसुद्धा कड उसवलेली.” आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की सायकलवरून जाणारे एक आजोबा मागे वळून बघता बघता खांबाला लागता लागता राहिले.

मी म्हटलं, “चला, कुठेतरी छान नाश्ता करू. केक खाऊ. साखर एक दिवस बघू नका.”

“नाश्ता? किती वाजले?”

“पावणेनऊ.”

“अगं, मला दहाला पोचायचंय. त्या जर्मन नवरीचा झगा आहे, कमरेत दोन बोटं कमी करायचीयत, दुपारी न्यायला येणार. मालकीणबाई एकट्या आहेत.” बस समोरून येत होती. “ही आपल्याच गावाची ना?”

“हो, पण मी गाडीने सोडते.”

“कशाला? तू रजा घेतलीयस, आराम कर.”

बसचं दार उघडलं. त्यांनी साडीच्या निऱ्या चिमटीत धरल्या, चढल्या, ड्रायव्हरला “मोर्गन”, म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. आपल्या वाढलेल्या परवान्याचा कागद त्यांनी काचेला लावून मला पुन्हा दाखवला, जणू मी तो पाहिलाच नव्हता. बस गेली. मी थांब्यावर उभी राहिले, अख्खा दिवस समोर मोकळा, करायला काहीच नव्हतं. मग मी एकटीच जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले.